घरातल्या प्राण्याचे आरोग्य : रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

कुत्रा किंवा मांजर घरात आले की त्याच्या दुखण्याचे निदान आणि उपचार बहुधा घरातच होऊ लागतात. नाक कोरडे लागले की ताप आला असे ठरते, अंग गरम वाटले की माणसांच्या औषधांच्या डब्यातली गोळी दिली जाते आणि चावा खोल नसेल तर हळद लावून विषय मिटवला जातो. या वागण्यात हयगय नसते, माया असते; परंतु ती दोन चुकीच्या गृहीतकांवर उभी असते. प्राण्याचे शरीर आपल्यासारखेच चालते हे त्यांतले एक, आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते नसतेच हे दुसरे. तापाचेच उदाहरण घेतले तर निरोगी कुत्र्यामांजरांचे तापमान साधारणपणे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे ते माणसाच्या तळहाताला नेहमीच उबदार लागते. आणि नाकाचा ओलावा झोप, ऊन व हवेतील दमटपणा यांनुसार दिवसभर बदलत राहतो. ताप आहे की नाही हे गुदद्वारात थर्मामीटर लावूनच कळते. ही समजूत तुलनेने निरुपद्रवी आहे. इतर अनेक तशा नाहीत.

सर्वांत घातक गैरसमज रेबीजविषयीचे आहेत. रेबीज हा विषाणूमुळे होणारा रोग असून बाधित प्राण्याच्या लाळेतून तो चाव्यावाटे किंवा ओरखड्यावाटे शरीरात शिरतो. तो प्रामुख्याने रक्तातून पसरत नाही, तर जखमेजवळच्या मज्जातंतूंमध्ये शिरून त्यांच्याच वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा दोन ते तीन महिने लागतात, क्वचित एखादा आठवडा पुरतो, तर क्वचित वर्षाहून अधिक काळ जातो. या अवधीत जखम भरून येते, माणूस कामाला लागतो आणि घरातले सारे निश्चिंत होतात. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक भारतात. आणि चावा वेळीच धुऊन लस घेतली असती तर यांतील बहुतेक मृत्यू टळले असते, ही यातली सर्वांत वेदनादायक बाब आहे.

जखमेवर हळद, तिखट, चुना किंवा तेल लावण्याची रीत आजही अनेक घरांत आहे. या पदार्थांनी विषाणू मरत नाही, उलट जखम चुरचुरते आणि ती नीट धुण्याचे राहून जाते. वस्तुतः पहिला आणि फार मोलाचा उपचार घराच्या नळाखालीच होतो: वाहत्या पाण्याखाली साबणाने सलग पंधरा मिनिटे जखम धुवावी. साबणामुळे विषाणूचे स्निग्ध आवरण फाटते, आणि पाण्याच्या धारेने तो मज्जातंतूपर्यंत पोहोचण्याआधीच बऱ्याच प्रमाणात निघून जातो. पंधरा मिनिटे हा काळ वाटतो त्यापेक्षा बराच लांब असतो, विशेषतः रडणाऱ्या मुलाचा हात नळाखाली धरून ठेवायचा असतो तेव्हा. म्हणून घड्याळ समोर ठेवलेले बरे.

यानंतर लस घ्यावी की नाही याचा निर्णय जखमेच्या खोलीवरून घरीच घेतला जातो, आणि तिथेच चूक होते. अखंड त्वचेला प्राण्याने चाटले असेल तर लसीची गरज नसते. परंतु रक्त न येता नुसते खरचटले असले तरी लस घ्यावी लागते. रक्त आले असेल किंवा आधीच्या जखमेला, डोळ्याला वा तोंडाच्या आतील नाजूक त्वचेला लाळ लागली असेल, तर लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी तयार प्रतिपिंडे. लसीमुळे शरीर स्वतःची प्रतिपिंडे बनवेपर्यंत जे दिवस जातात त्या काळातील संरक्षण म्हणून ती थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने आजही काही जण दवाखाना टाळतात, पण ती मेंढीच्या मेंदूपासून बनणारी जुनी लस भारतात केव्हाच बंद झाली. आता लस दंडात दिली जाते, आणि त्वचेच्या थरात देण्याच्या पद्धतीत पहिल्या मात्रेनंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी पुढील मात्रा घेऊन ती पुरी होते.

कुत्रा दहा दिवस जगला तर लस नको, अशीही एक समजूत आहे. तिच्यात तथ्याचा अंश असल्यामुळेच ती अधिक फसवी ठरते. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या वा मांजराच्या लाळेत विषाणू आला की तो प्राणी सहसा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो, म्हणून दहा दिवसांनंतरही तो ठणठणीत असल्यास उरलेल्या मात्रांविषयी डॉक्टर फेरविचार करू शकतात. मात्र हे दहा दिवस उपचार सुरू करून मोजायचे असतात, उपचार थांबवून नव्हे. पिल्लाला रेबीज नसतो, हेही खरे नाही. रेबीजची पहिली लस साधारणपणे तिसऱ्या महिन्यात दिली जात असल्यामुळे त्याहून लहान पिल्लू उलट अधिक असुरक्षित असते. मांजराच्या चाव्याला आणि ओरखड्यालाही हेच सारे नियम लागू आहेत.

पिसाळलेला कुत्रा म्हटले की तोंडाला फेस आलेला, दिसेल त्याच्यावर धावून जाणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. या रोगाचे दुसरे रूप मात्र अगदी शांत असते: कुत्रा कोपऱ्यात अंधारात जाऊन बसतो, खालचा जबडा लोंबू लागतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे असे समजून मालक त्याच्या तोंडात हात घालतो आणि त्या क्षणी विषाणूशी त्याचा थेट संपर्क येतो. ज्या कुत्र्याच्या लसीकरणाची खात्री नाही त्याचा जबडा अचानक लोंबू लागला तर तोंडात हात न घालता पशुवैद्याला बोलावावे. रेबीज रोखण्याचा खरा उपाय कुत्र्यांचे व्यापक लसीकरण हाच आहे, हे आपल्या शेजारी गोव्यात दिसले आहे. तेथे पाळीव आणि भटक्या अशा दोन्ही कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस टोचण्याचे धोरण राबवले गेले, आणि कुत्र्यांमधील रेबीजचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले.

रेबीजमध्ये न दिसणारा काळ फसवतो, तर औषधांच्या बाबतीत प्राण्याचे आपल्याशी असलेले साम्य फसवते. तान्ह्या बाळाला चालणारे पॅरासिटामॉल मांजराला थोडेसे दिले तर काय बिघडते, असा विचार स्वाभाविक वाटतो. प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाचे यकृत या औषधाच्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून तो पाण्यात विरघळेल असा करते आणि मग तो लघवीवाटे बाहेर पडतो. हे काम करणारे एक महत्त्वाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, मांजरांच्या कुळात निकामी झालेले आहे. त्यामुळे औषधापासून तयार होणारे विषारी द्रव्य शरीरात साचते आणि हिमोग्लोबिनवर आघात करून त्याचे प्राणवायू वाहून नेण्याचे सामर्थ्यच काढून घेते. अशा मांजराचा ओठ वर करून पाहिला तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या मातकट, तपकिरी किंवा निळसर दिसतात, रक्ताचा रंग चॉकलेटसारखा होतो, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास जलद होतो. त्यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण त्याचा उपयोग पहिल्या काही तासांतच अधिक होतो. त्यामुळे मांजराने उलटी केली आहे, आता बरे वाटेल, असे म्हणून रात्र काढणे धोक्याचे असते. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. विष पोटात गेल्याचा संशय येताच मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याची घरगुती रीतही सोडून द्यायला हवी, कारण रक्तातील मीठ एकदम वाढून त्यानेच प्राणी दगावू शकतो. गोळीचे रिकामे पाकीट बरोबर घेऊन तडक पशुवैद्याकडे जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

कुत्रा आणि मांजर यांच्यातला फरकही असाच विसरला जातो. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते सोसते, पण तेच मांजराला लावले किंवा औषध लावलेल्या कुत्र्याला मांजर बिलगून झोपले, तर त्याला थरथर सुटून झटके येतात. अंगाला चिकटलेली गोचीड काढताना तिच्यावर रॉकेल ओतू नये. बारीक चिमट्याने ती त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी.

आहाराविषयीच्या समजुती जुन्या आहेत आणि त्यांतली मांजराच्या दुधाची सर्वांत पक्की आहे. बहुतेक प्रौढ मांजरांच्या आतड्यात दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर फारच कमी असते, त्यामुळे वाटीभर दुधाने त्यांना हगवण लागते. मांजर दूध आवडीने पिते यावरून ते त्याला मानवते असे ठरत नाही. अधिक गंभीर प्रश्न शाकाहारी घरातल्या मांजराचा आहे. टॉरिन हे अमायनो आम्ल मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही, आणि ते मांस व मासे यांतूनच मिळते. त्याच्या अभावी दृष्टी जाते, तसेच हृदयाचे स्नायू पातळ होऊन ते फुगते. हा हृदयविकार टॉरिनच्या कमतरतेमुळे होतो हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. केवळ दूध-पोळीवर वाढवलेल्या मांजराला बाहेरून पोट भरलेले दिसते, पण त्याची झीज आत चालू असते. घरच्या नियमांमुळे मांस शिजवणे शक्य नसेल तर मांजरांसाठी बनवलेले संपूर्ण तयार खाद्य द्यावे, आणि तेही मान्य नसेल तर मांजर न पाळणे त्याच्या हिताचे आहे.

उरलेला रस्सा पोळीत कुस्करून कुत्र्याला घालण्याची पद्धत सर्वत्र आहे. त्यात कांदा आणि लसूण असतातच. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि शिजवल्याने तो दोष जात नाही. परिणाम दिसायला काही दिवस लागत असल्यामुळे रश्श्याचा आणि प्राण्याच्या अशक्तपणाचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना अपाय करू शकतात. चॉकलेटमधील थिओब्रोमिनमुळे हृदयाची गती बिघडते, आणि चॉकलेट जितके कडू तितका धोका मोठा. साखररहित च्युइंग गममध्ये वापरले जाणारे झायलिटॉल कुत्र्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवते. शिजवलेल्या कोंबडीची हाडे ठिसूळ होऊन त्यांच्या टोकदार कपच्या निघतात, म्हणून तीही देऊ नयेत.

कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. पंजांच्या तळव्यांवर थोड्या घर्मग्रंथी असतात, तेवढेच. धापा टाकून तोंडातील ओलावा उडवणे हाच त्याचा मुख्य उपाय, आणि हवा दमट असली की तोही लंगडा पडतो. बसक्या नाकाच्या पगसारख्या जातींची श्वासाची वाटच अरुंद असल्यामुळे कोकणातला दमट उकाडा आणि विदर्भातला उन्हाळा दोन्ही त्यांना जड जातात. उभ्या गाडीच्या काचा थोड्या खाली ठेवल्या की कुत्रा आत सुरक्षित राहतो, हा समज चाचण्यांत टिकलेला नाही. आतले तापमान तरीही झपाट्याने चढते. उष्माघाताची चिन्हे दिसताच कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा, आणि हे करत असतानाच दवाखान्याची व्यवस्था पाहावी.

फ्लॅटमध्येच राहणाऱ्या प्राण्याला लस कशाला, हा शहरी घरांतला प्रश्न. कुत्र्यांना रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो विषाणू जमिनीवर महिनोन् महिने तग धरतो आणि चपलांच्या तळांवरून घरात येतो. पिल्लाला दर तीन-चार आठवड्यांनी लस का द्यावी लागते, याचे उत्तर आईच्या चिकातून मिळालेल्या प्रतिपिंडांत आहे: ती टिकून असतात तोवर लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असल्यामुळे साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत मात्रा पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तो कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो, म्हणून मुंबई व कोकणात या रोगाची वार्षिक लस टाळू नये.

घरात गरोदर स्त्री असली की मांजर सोडून देण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची, पण तो मांजराच्या केसांतून पसरत नाही. तो विष्ठेतून बाहेर पडतो, तेही बहुधा आयुष्यात एकदाच, काही आठवडे, आणि बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. मांजराची रेतीची पेटी दुसऱ्या कोणी रोज साफ केली, मांस नीट शिजवले आणि भाज्या स्वच्छ धुतल्या तर मांजर घराबाहेर काढण्याचे कारण उरत नाही.

मादीला एकदा तरी पिल्ले व्हायला हवीत, त्याशिवाय नसबंदी करू नये, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू साठण्याचा धोका वाढत जातो. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी ती सुस्त होते आणि वारंवार पाणी पिऊ लागते. गर्भाशयाचे तोंड उघडे असल्यास पू बाहेर येतो आणि घरच्यांना सुगावा लागतो. ते मिटलेले असल्यास बाहेर काहीच येत नाही, पोट तेवढे फुगते. हा दुसरा प्रकार अधिक घातक असतो, म्हणून अशा मादीच्या बाबतीत स्राव दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी तिची सोनोग्राफी करून घ्यावी.