मार्ग न सांगणारा प्रवासी : फ्रेडरिक डग्लसची आत्मकथने

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपण एक पाहणारा ‘मी’ गृहीत धरतो. तो स्थळे पाहतो, मार्ग सांगतो आणि वाचक त्याच्यामागून जातो. परंतु ज्याचा वर्णच वाटेतील प्रत्येकाच्या चौकशीचा विषय असतो, असा प्रवासी स्वतः काही पाहण्यापूर्वीच इतरांकडून न्याहाळला जातो. या प्रवाशाचे निवेदन कोणते रूप घेते, हे फ्रेडरिक डग्लस (१८१८–१८९५) याच्या आत्मकथनांवरून पाहता येते.

३ सप्टेंबर १८३८ रोजी डग्लस बाल्टिमोरहून गुलामगिरीतून निसटला. रेल्वे, सस्क्वेहॅना नदी ओलांडणारी फेरीबोट, पुन्हा रेल्वे, विल्मिंग्टनहून आगबोट आणि फिलाडेल्फियाहून रात्रीची गाडी असा प्रवास करून चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला पोहोचला. मेरीलँडमध्ये मुक्त कृष्णवर्णीयांनाही मुक्ततापत्र जवळ बाळगावे लागे. त्यात नाव, वय, वर्ण, उंची, अंगावरील व्रण यांची नोंद असे. म्हणजे शरीराचे वर्णन हाच परवाना होता. डग्लसजवळ होते ते एका खलाशी मित्राचे उसने संरक्षणपत्र. त्यावर अमेरिकेचे गरुडचिन्ह होते खरे, पण त्यात वर्णिलेला मनुष्य डग्लसपेक्षा बराच अधिक काळा होता. तिकीटखिडकीवर तपासणी कडक होईल म्हणून तो तिकीट न काढताच सुटत्या गाडीत चढला. कंडक्टरने कागदावर ओझरती नजर टाकली, भाडे घेतले आणि तो पुढे सरकला. बंदराच्या त्या शहरात खलाशांविषयी आपुलकी होती, असे डग्लस नोंदवतो. तरीही येथे वर्ण दुर्लक्षिला गेला, असे मानणे चूक ठरेल. कागद मागितला गेला तो वर्णामुळेच. पोशाखाने चौकशीची धार तेवढी बोथट केली.

हा सारा वृत्तान्त १८४५ च्या पहिल्या आत्मकथनात नाही. तेथे निघण्याची तारीख आहे, पण साधन नाही. १८५५ च्या दुसऱ्या आत्मकथनातही ते नाही. साहाय्य करणारे अडचणीत येऊ नयेत आणि मागून येणाऱ्यांची वाट मालकांना कळू नये, हे कारण तो स्वतःच सांगतो. पलायनाच्या मार्गांची जाहीर वाच्यता करणाऱ्या गुलामगिरीविरोधकांवर तो टीकाही करतो. प्रवासवर्णनाचा जो गाभा, तोच येथे नीतीने वर्ज्य ठरला आहे. १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी संपली (‘गुलामगिरी’च्या अर्पणपत्रिकेत १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी गौरविलेली घटना ती हीच), आणि त्यानंतर सोळा वर्षांनी, १८८१ च्या तिसऱ्या आत्मकथनात, गाडी, कागद आणि कंडक्टर प्रथमच पुस्तकात आले. म्हणून या मौनाला निवेदनातील उणीव न समजता प्रवासाचाच एक भाग समजावे लागते.

पहिल्या पुस्तकामुळे ओळख उघड झाल्यावर पकडले जाण्याच्या भीतीने डग्लस १८४५ मध्ये ब्रिटनला निघाला. ‘केंब्रिया’ जहाजावर त्याला कॅबिन नाकारण्यात आली. डिसेंबर १८४६ मध्ये ब्रिटिश मित्रांनी पैसे भरून त्याची कायदेशीर मुक्तता करविली. १८४७ मध्ये तो त्याच जहाजाने परतला तेव्हा मुक्त मनुष्य होता. प्रथम वर्गाचे भाडे त्याने भरले होते. तरीही त्याला इतर प्रवाशांपासून वेगळे ठेवण्यात आले. कायद्यातील स्थान बदलले, जहाजावरील बदलले नाही. पुढे पुन्हा इंग्लंडमध्ये असताना त्याला फ्रान्सला जावयाचे होते. अमेरिकेचे राजदूत जॉर्ज डॅलस यांनी, तो नागरिकच नाही, या कारणास्तव पासपोर्ट नाकारला. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले होते, त्याचाच हा परिणाम. परवानगी अखेर फ्रेंच राजदूताने दिली. मराठी प्रवासवर्णनांत पासपोर्टचे प्रकरण बहुधा विनोदाच्या अंगाने येते. त्या वळणाला सरावलेल्या वाचकाने हा प्रसंग जरा थांबून वाचावा.

१८८६–८७ मध्ये मात्र डग्लस पत्नीसह पॅरिस, रोम, अथेन्स, इजिप्त असा फिरला आणि तो प्रवास त्याने १८९२ च्या वाढीव आवृत्तीत सविस्तर लिहिला. ही पाने आधीच्या पलायनवृत्तान्तापुढे फिकी वाटतात, हे खरे. स्थळांची नावे, अवशेष, चर्च असा रूढ क्रम तेथे आहे. परंतु सत्तरीच्या उंबरठ्यावरील या लेखकाला आपला मार्ग आता स्थळवार, न लपविता सांगता येत होता. इजिप्तला जाण्यामागे, काळ्या वर्णाच्या लोकांविषयी अमेरिकेत असलेल्या पूर्वग्रहाविरुद्ध पुरावा मिळविण्याचा हेतू होता, असेही तो तेथेच नमूद करतो.