पिसलेल्या यादीतले पुंजके

भीमसेन जोशींचे अभंग, आशाताईंची भावगीतं, प्रल्हाद शिंदे, बीटल्स असं सगळं एकाच मोबाइलमध्ये भरलेलं असतं. शफल लावलं की एकाच गायकाची दोन-तीन गाणी लागोपाठ येतात आणि ‘यात काहीतरी गोम आहे’ अशी शंका येते. गणित मात्र उलट सांगतं. 10 गायकांची प्रत्येकी 10 अशी 100 गाणी पत्त्यांसारखी नीट पिसली, तर कुठल्याही गाण्यापुढे उरलेल्या 99 पैकी 9 गाणी त्याच गायकाची असतात. यादीत शेजारशेजारच्या जोड्याही 99च. म्हणजे सरासरी 9 ठिकाणी तोच गायक लागोपाठ येणार. एकही जोडी जुळू नये, हे दहा हजार वेळा पिसून जेमतेम एखाद्या वेळी घडेल. खरा संशय घ्यायचा तो पुंजके अजिबात दिसले नाहीत तर!

पुंजका दिसला की त्यामागे कुणाचा तरी हात शोधायचा, ही माणसाची जुनी खोड. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर व्ही-1 बॉम्ब पडू लागले, तेव्हा ठरावीक वस्त्यांवर नेम धरला जातो, असा बोलबाला झाला. आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनचे 576 समान चौकोन पाडून त्यांत पडलेले 537 बॉम्ब मोजले आणि 1946 मध्ये निष्कर्ष मांडला. बॉम्ब निव्वळ यदृच्छेने पडले असते, तर सुमारे 227 चौकोन कोरे राहायला हवे होते. प्रत्यक्षात 229 राहिले होते.

पण गाणी पिसणारा प्रोग्रॅमच सदोष असला तर? ही शंका रास्त आहे. फिशर आणि येट्स यांनी 1938 मध्ये दिलेल्या पद्धतीत निवडलेलं गाणं बाजूला पडतं आणि पुढची निवड उरलेल्यांतूनच होते. त्याऐवजी प्रत्येक जागेवरच्या गाण्याची सगळ्या यादीतल्या कुठल्याही गाण्याशी अदलाबदल केली, तर 3 गाण्यांसाठी 27 वाटा होतात, पण क्रम 6च. 27 ला 6 ने भाग जात नाही. साहजिकच काही क्रम जास्त वेळा येतात. पण ही चूक दुरुस्त केल्याने पुंजके जात नाहीत. पिसणं निर्दोष झालं तरी ते सरासरी 9 राहतातच.

म्हणूनच कंपन्यांनी पिसण्यालाच मुरड घातली. ॲपलने 2005 मध्ये आयट्यून्समध्ये ‘स्मार्ट शफल’ आणलं, तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितलं, की क्रम अधिक यादृच्छिक वाटावा म्हणून तो कमी यादृच्छिक केला आहे. स्पॉटिफायनेही 2014 मध्ये एका कलाकाराची गाणी यादीभर पसरवण्याची रीत जाहीरपणे समजावून सांगितली. ही फसवणूक म्हणावी का? तसं वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याला हवा असतो पालट, यदृच्छा नव्हे. मात्र पालट म्हणजे काय, हे कुणीतरी ठरवावं लागतं: गायक बदलणं, ताल बदलणं की भाषा? निव्वळ पिसण्यात अडगळीतल्या गाण्याला आणि आवडत्या गाण्याला सारखीच संधी असते. नियम आला की नियम करणाऱ्याची आवडनिवडही येते. म्हणून दोन्हींसाठी दोन वेगळी बटणं असावीत आणि कोणतं काय करतं, ते त्यांवर स्पष्ट लिहिलेलं असावं.