अ‍ॅक्युपंक्चर: मान्यता मिळाली, संमतीचे काय?

१९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्यांचे सहकारी बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी कोलकात्यात हे उपचार सुरू केले.

तिथून पुढची साठ वर्षे या पद्धतीची धडपड मुख्यतः मान्यतेसाठी होती. महाराष्ट्राने २०१५ चा अ‍ॅक्युपंक्चर अधिनियम केला, २०१९ मध्ये केंद्रानेही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून तिला मान्यता दिली. सुई टोचणाऱ्याला नोंदणीची वाट मिळाली. टेबलावर पालथे झोपलेल्या माणसाचा अधिकार मात्र वेगळ्याच वाटेने आला.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २००८ चा निकाल त्याहून मोलाचा. एका महिलेने दुर्बिणीच्या तपासणीला होकार दिला होता; ती भुलीत असताना आईची सही घेऊन तिचे गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. न्यायालयाने बजावले: तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जाणत्या, सज्ञान रुग्णाऐवजी नातेवाइकाची संमती चालत नाही. उपचार कशासाठी, त्यातला धोका कोणता, पर्याय काय, नकार दिला तर काय होईल, हे आधी सांगायलाच हवे.

हा निकाल शस्त्रक्रियेचा असला तरी त्याचे तत्त्व सुईलाही लागू पडते. गुडघेदुखीसाठी आलेल्याच्या पाठीत सुया टोचायच्या, त्यांना वीजप्रवाह जोडायचा किंवा कपडे बाजूला करायचे, तर प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. भोवळ येणे, रक्त साकळणे हे त्रास बहुधा किरकोळ असतात. पण छाती-पाठीत सुई खोल गेली तर क्वचित फुफ्फुसाला इजा होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, गर्भारपण आहे का, हे आधी विचारण्यावर रुग्णाची सुरक्षितता अवलंबून असते.

आपल्याकडे रुग्ण ‘तुम्हीच काय ते बघा, डॉक्टर’ म्हणून मोकळा होतो. तो विश्वास मोठा आहे, म्हणूनच समजावून सांगण्याची जबाबदारीही मोठी आहे. पहिल्या भेटीत घेतलेली सही दहाव्या बैठकीला पुरत नाही. मध्येच ‘थांबा’ म्हटल्यावर हात थांबला पाहिजे. हे प्रशिक्षणात शिकवले जावे, परीक्षेत विचारले जावे आणि नोंदणीची अट म्हणून पाळले जावे.