एका दिवसाचे फूल, बारा महिन्यांची निगा

अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या रोपवाटिकेत ‘लिली’ मागितली, की विक्रेता तीन-चार निरनिराळ्या कुंड्या पुढे करतो. पाने सर्वांचीच लांबट. फुले नसताना निवड कठीण. त्यांतील डे-लिली ओळखता आली, तर पुढचे कष्ट वाया जात नाहीत. घरात मांजर असेल, तर हीच ओळख एका जिवाच्या रक्षणाची ठरते.

डे-लिलीचे शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. ग्रीक भाषेतील ‘दिवस’ आणि ‘सौंदर्य’ या अर्थाच्या शब्दांपासून ते बनले आहे. चीन, जपान, कोरिया ही तिची मायभूमी. तिचे फूल साधारणपणे एकच दिवस टिकते. परंतु एका दांड्यावर अनेक कळ्या असल्याने बहर काही आठवडे चालतो. पाने जमिनीलगत दोन ओळींत निघून हातपंख्यासारखी पसरतात. फुलदांडा उघडा, टोकाशी फांद्या फुटलेला असतो. मातीखाली कांदा नसून मांसल मुळे असतात. याउलट खऱ्या लिलीची पाने उभ्या खोडावर येतात आणि खाली खवल्यांचा कांदा असतो. पहिल्या पावसानंतर उमलणाऱ्या गुलाबी वा पांढऱ्या रेन लिलीच्या दांड्यावर एकच फूल असते.

मुंबईत कडाक्याची थंडी नाही. म्हणून हिवाळ्यात पाने न झडणारी, सदाहरित जात निवडावी. दिवसाकाठी सहा तास ऊन मिळणारी गॅलरी आणि दहा-बारा इंचांची कुंडी तिला पुरते. रोपाचा गड्डा मातीखाली साधारण एक इंचच असावा. माघ-फाल्गुनात पालापाचोळ्याचे खत घालावे. उन्हाळ्यात सकाळी भरपूर पाणी द्यावे. कळ्या धरताना माती सुकली, तर त्या गळतात. आषाढ लागण्यापूर्वी कुंडीखालची ताटली काढावी, कारण साचलेल्या पाण्याने गड्डा कुजतो. पानांवर नारिंगी भुकटीसारखा तांबेरा दिसल्यास ती पाने कापून दूर टाकावीत. पाऊस सरल्यावर दाट झालेल्या रोपाचे दोन-तीन पंख्यांचे भाग वेगळे करून लावावेत. मुळे खणण्यास ज्यांचे मन धजत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे: काही जातींच्या फुलदांड्यावरच इवलेसे रोप फुटते; ते दांड्याच्या तुकड्यासह मातीत टेकवले, की मूळ धरते.

मांजरांसाठी मात्र डे-लिली आणि खरी लिली दोन्ही प्राणघातक आहेत. पान चघळले किंवा अंगावर पडलेला पराग चाटला, तरी त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. मांजर असलेल्या घरात ही कुंडी न आणणेच श्रेयस्कर.

उपनगरवासीयांना आणखी एक नाते ठाऊक असावे. सफेद मुसळीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’ आहे, आणि त्यात बोरिवली आहे! सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी हे नाव दिले. जुन्या वर्गीकरणात मुसळी आणि डे-लिली एकाच लिली कुळात गणल्या जात. पावसाळ्यात पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलणारी ही वनस्पती औषधी मुळांसाठी इतकी खणली गेली, की रानात ती दुर्मीळ झाली. राष्ट्रीय उद्यानातील रोप उपटणे हा कायद्याने गुन्हा आहेच. रानातले फूल रानातच पाहावे. गॅलरीत डे-लिलीची उद्याची कळी तयार असतेच.