पंधरा कोटी किलोमीटर

नाशिकचा सिंहस्थ दर बारा वर्षांनी भरतो, कारण गुरूला सिंह राशीत परत यायला साधारण तेवढी वर्षे लागतात. शनी एका राशीत अडीच वर्षे मुक्काम ठोकतो. तीन राशी मिळून साडेसाती. भविष्यावर विश्वास असो वा नसो, या आकड्यांमागे पिढ्यानपिढ्यांचं चोख निरीक्षण आहे. आणि सूर्यमालेचा नकाशा काढायला एवढीच सामग्री जवळजवळ पुरते.

हे दाखवून दिलं जोहान्स केप्लरने, 1619 साली. ग्रहाला सूर्याभोवती एका फेरीला जितकी वर्षे लागतात त्यांचा वर्ग करा, त्याचं घनमूळ काढा. तो ग्रह सूर्यापासून पृथ्वीच्या किती पट लांब आहे ते मिळतं. गुरूची फेरी 11.86 वर्षांची. वर्ग 140.7, घनमूळ 5.2. शनीची साडेएकोणतीस वर्षांची. उत्तर साडेनऊ पट. सगळ्या ग्रहांची अंतरं अशी एकमेकांच्या प्रमाणात कळली, पण मैलांत एकही कळेना. नकाशा होता, त्यावर मापपट्टी नव्हती. कुठलंही एक अंतर खात्रीने मोजता आलं असतं तर बाकीची आपोआप हाती आली असती.

कॅसिनी पॅरिसमध्ये आणि रिशे दक्षिण अमेरिकेतल्या कायेनमध्ये, अशा दोघा ज्योतिर्विदांनी 1672 मध्ये मंगळाचे वेध घेतले. सूर्याचं अंतर सुमारे 14 कोटी किलोमीटर निघालं. उत्तर जवळचं होतं, पण वेधांतल्या चुका इतक्या मोठ्या होत्या की त्यावर विसंबता येईना.

मग 1716 मध्ये एडमंड हॅलीने शुक्राच्या अधिक्रमणाचा मार्ग सुचवला. क्वचित कधी शुक्र बरोबर सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या निरीक्षकाला त्याची वाट बिंबावर किंचित वर-खाली दिसते, त्यामुळे बिंब ओलांडायला लागणारा वेळही काही मिनिटांनी बदलतो. त्या फरकावरून शुक्राचं अंतर काढायचं आणि पुढे केप्लरचा नियम लावायचा. हे योग 1761 आणि 1769 मध्ये होते. आपण तोवर जगणार नाही हे हॅलीला पक्कं ठाऊक होतं, तरी पुढच्यांनी सोडू नये म्हणून त्याने कळकळीने लिहून ठेवलं.

पुढच्यांनी सोडलं नाही. त्यांच्यातल्या ल जांतीची हकिगत मला फार चटका लावते. हा फ्रेंच ज्योतिर्विद 1760 मध्ये पुद्दुचेरीला निघाला. वाटेतच कळलं की इंग्रजांनी पुद्दुचेरी घेतली. जहाज माघारी वळलं आणि 6 जून 1761 चं अधिक्रमण त्याला भर समुद्रात गाठावं लागलं. आकाश निरभ्र होतं, पण डोलत्या जहाजावर लंबकाचं घड्याळ चालत नाही; वेळ नाही तर वेध नाही. घरी न जाता तो हिंदी महासागराच्या परिसरातच पुढच्या योगासाठी थांबला. दरम्यान पुद्दुचेरी पुन्हा फ्रेंचांकडे आली. तिथे त्याने वेधशाळा उभारली आणि तमिळ गणिती ग्रहणं कशी वर्तवतात ते शिकून घेतलं. 4 जून 1769 ची पहाट उजाडली ती ढग घेऊन. अधिक्रमण संपलं आणि मग ऊन पडलं. 1771 मध्ये तो घरी पोहोचला, तेव्हा वारसांनी त्याला मृत धरलं होतं आणि फ्रेंच विज्ञान अकादमीतली जागाही गेली होती.

शाप नावाच्या दुसऱ्या फ्रेंचाला मेक्सिकोच्या टोकाशी वेध उत्तम मिळाले, पण तिथल्या साथीत तो दगावला. ताहितीत कॅप्टन कुकच्या लोकांना वेगळीच अडचण आली: शुक्राचं काळं बिंब सूर्याच्या कडेपासून चटकन सुटेना, थेंबासारखं चिकटून राहिलं. शेजारी उभ्या निरीक्षकांच्याही नोंदींत त्यामुळे काही सेकंदांचा फरक पडला. तरी सगळ्या नोंदी जुळवून फ्रेंच ज्योतिर्विद लालांदने 1771 मध्ये काढलेलं अंतर 15 कोटी 30 लाख किलोमीटरच्या आसपास होतं. आजचा आकडा 14 कोटी 96 लाख. फरक दोन-अडीच टक्क्यांचा!

मापपट्टी मिळताच बाकीचं भराभर उलगडलं. बुध 5.8 कोटी किलोमीटरवर, शुक्र 10.8, मंगळ 22.8, गुरू 78, शनी 143. पुढे सापडलेले युरेनस 287 आणि नेपच्यून 450 कोटींवर. आकाशात अर्ध्या अंशाचं दिसणारं सूर्यबिंब प्रत्यक्षात पृथ्वीच्या 109 पट रुंद ठरलं. त्याचं वस्तुमान निघालं पृथ्वीच्या सुमारे 3 लाख 33 हजार पट. सूर्यमालेतल्या एकूण द्रव्यापैकी 99.8 टक्क्यांहून अधिक एकट्या सूर्यात आहे. गुरू-शनीसकट आपण सगळे उरलेल्यात.

माझ्या मते सर्वांत मोलाचं त्यानंतर हाती आलं. आपल्यापर्यंत किती ऊन पोहोचतं हे मोजता येतं. अंतर ठाऊक असेल तर सूर्य एकूण किती ऊर्जा ओततो हेही निघतं. तो आकडा पाहिल्यावर स्पष्ट झालं की सूर्य कोळशाचा असता तर काही हजार वर्षांतच विझला असता. इंधन कोणतं, हा प्रश्न विसाव्या शतकात सुटला. गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला हायड्रोजनचं हेलियम होतं आणि दर सेकंदाला सुमारे 40 लाख टन द्रव्य ऊर्जा होऊन बाहेर पडतं.

हे अंतर मनात असलं की बातम्याही नीट वाचता येतात. सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं आदित्य एल-1 यान जानेवारी 2024 मध्ये ठरल्या जागी पोहोचलं, तेव्हा ते सूर्याजवळ गेलं असं अनेकांना वाटलं. ती जागा पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आहे, म्हणजे वाटेचा जेमतेम एक टक्का. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेली त्यावरची दुर्बीण तिथूनच अतिनील प्रकाशात सूर्याचं पूर्ण बिंब टिपते. जवळ जाण्याची तिला गरज नाही. मध्ये ढग येत नाहीत आणि रात्रही होत नाही.