मतदान-आवाहनाची जुनी भित्तिपत्रके : संकलन आणि कालनिश्चिती
(पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
मतदानाचा दिवस सरला की भिंतीवरील भित्तिपत्रक रद्दीत जाते. पुंडलिकनगरसारख्या निवासी वसाहतीत असे कागद जुन्या कपाटांत, मुद्रणालयांत किंवा रद्दीच्या दुकानांत मिळू शकतात. मात्र त्यांवर मतदानाचा दिनांक असला, तरी वर्ष असेलच असे नाही. म्हणून संकलनात कालनिश्चितीला प्रथम महत्त्व द्यावे लागते.

आवाहनाचे बदलते स्वरूप :
१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते व त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी वेगळी असल्याने 'मत कसे द्यावे' हे शिकविणे आवश्यक होते. १९८९ पासून मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर्षे झाले. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो. या टप्प्यांवर नवमतदार आणि 'मत का द्यावे' हा प्रश्न आवाहनाच्या केंद्रस्थानी आला.

कालनिश्चितीच्या खुणा :
१) राज्याचे नाव : मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात व त्यानंतर महाराष्ट्रात होता.
२) शहराचे नाव : २०२३ मधील अधिकृत नामांतरापूर्वीच्या शासकीय पत्रकांवर 'औरंगाबाद' असे नाव आढळते.
३) पक्षचिन्ह : काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपूर्वीच्या निवडणुका सुचविते, गाय-वासरू १९७१ व १९७७ च्या लोकसभा निवडणुकांकडे निर्देश करते.
४) मुद्रकाचा उल्लेख : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम १२७-क नुसार उमेदवाराच्या प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते असणे बंधनकारक आहे. हे कलम १९६१ मध्ये समाविष्ट झाले.

जतन :
भित्तिपत्रक मतदान पूर्ण झाल्यानंतर, परवानगीनेच काढावे. त्यास चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशनही करू नये. आम्लरहित कागदात ते सपाट ठेवावे. प्राप्तिस्थान, दिनांक व आकार यांची नोंद त्याच दिवशी करावी. स्थळाची नोंद नसलेल्या पत्रकाचे संशोधनमूल्य बरेच घटते.

समारोप :
निवडणुकीच्या निकालांची आकडेवारी शासकीय अहवालांत सुरक्षित राहते. मतदाराला कोणत्या शब्दांत व चित्रांत साद घातली गेली, हे मात्र या कागदांतूनच कळते. इतिहास, राज्यशास्त्र व मराठी या विभागांनी ग्रंथालयाच्या साहाय्याने परिसरातील भित्तिपत्रकांची सूची तयार केल्यास हे स्थानिक साधन अभ्यासकांना उपलब्ध होईल.