दरमहा पाचशे रुपये आणि पासपोर्टचा प्रश्न

२५ डिसेंबर २०२१ रोजी, ऐन नाताळात, केंद्रीय गृह मंत्रालयाने कोलकात्याच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या परदेशी देणग्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण नाकारले. जानेवारीत ती नोंदणी पूर्ववत झाली. पण १९५० पासून काम करणाऱ्या, जगभर नाव असलेल्या संस्थेवर ही वेळ येते म्हटल्यावर लहान संस्थांनी धसका घेतला तर नवल नाही. त्या धास्तीपायी ऑनलाइन मासिक देणगीच नको म्हणणे मात्र मला चुकीचे वाटते. देशातल्या माणसांकडून दरमहा येणारे पाचशे-पाचशे रुपये हाच लहान संस्थेचा सर्वांत भक्कम आधार आहे. कायद्याची चिंता खरी आहे, पण तिचा बराचसा भाग एका प्रश्नापाशी येऊन थांबतो: पैसे देणारा कोण?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा लागतो, कारण पुढचे हप्ते आपोआप येतात. परकीय योगदान कायदा पैसा कुठून आला यापेक्षा तो कोणाचा आहे हे पाहतो. लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय ठरत नाही; ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या त्याच्या सख्ख्या भावाने कोलकात्यातल्या बालीगंजच्या घरी बसून यूपीआयने दिलेले पाचशे रुपये मात्र ठरतात, मग त्याच्याकडे परदेशस्थ भारतीयांचे ओसीआय कार्ड का असेना. असे पैसे घ्यायला नोंदणी हवी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते हवे. नोंदणीसाठी साधारणपणे मागील तीन वर्षांत कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. लहान संस्थेला हे कुठून जमणार? म्हणून देणगीच्या अर्जातच नागरिकत्वाचा रकाना सक्तीचा असावा आणि ‘भारतीय नाही’ म्हणणाऱ्याचा अर्ज तिथेच थांबावा.

नागरिकत्व, नाव-पत्ता, पॅन असे इतके प्रश्न विचारले तर देणगीदार निघून जाईल, असा आक्षेप येतो. काही जण जातीलही. पण नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी तिच्या पलीकडे गेल्या, तर धर्मादाय संस्थेला वरच्या रकमेवर ३० टक्के कर पडतो. शिवाय देणगीदाराला आयकरातली ८०जी सवलत मिळवून देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ पासून देणगीदारांचे तपशील आयकर खात्याकडे भरावे लागू लागले. त्याला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. पॅन सुरुवातीलाच घेतला असेल तर हे काम वर्षाअखेरी फोनाफोनी न करता होते. दुसरी तक्रार रिझर्व्ह बँकेच्या नियमांबद्दल असते: कार्ड किंवा यूपीआयवरून हप्ता कापण्याच्या किमान २४ तास आधी देणगीदाराला संदेश जातो, आणि तो पाहून माणूस देणगी बंद करतो. करू द्यावी. विसरून गेलेल्या माणसाच्या खात्यातून पैसे येत राहण्यापेक्षा ते बरे, आणि नको असलेला हप्ता कापला गेल्यावर येणारी तक्रार व परताव्याची यातायातही त्यामुळे टळते.